तारली न आलेले आश्विन

पाऊस ओसरला की नाशकात ऊन एकदम अंगावर येतं. अंगणातलं शेवाळ वाळून त्याच्या खपल्या होतात, गवत शेंड्याकडून पिवळं पडायला लागतं आणि दुपारी कशाला हात लावावासा वाटत नाही. आश्विनातल्या या उन्हाचा मला तरुणपणापासून शीण आहे. आता वयाचाही शीण आहे, त्यामुळे एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळत नाही. परवा अशाच एका दुपारी आमच्या गल्लीत मासेवाल्याची मोटारसायकल आली. मागे बर्फाची पेटी. तो ओरडत होता, ताजी तारली, तारली घ्या. सून दारात गेली आणि घ्यायची का म्हणून माझ्याकडे वळून पाहिलं. मी नको म्हटलं. का नको ते सांगत बसले असते तर तिचा स्वयंपाक राहिला असता. म्हणून ते इथे सांगते.

माझं माहेर हर्णैच्या दक्षिणेला, एका लहानशा खाडीच्या तोंडाशी. आमची मुसलमान मच्छीमारांची वस्ती. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला, की टेकडीवर एक माणूस पहाऱ्याला बसायचा. पाण्यावर ढगाच्या सावलीसारखा काळपट डाग किनाऱ्याकडे सरकताना दिसला, की तो उभा राहून पंचा हलवायचा. मग खाली वाळूत पळापळ. बाया हातातलं काम टाकून यायच्या, म्हातारे काठी टाकून यायचे. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरून यायची आणि दोन्ही टोकांना दोरावर सगळं गाव लागायचं. याला रापण ओढणं म्हणत. माझे वडील, ज्यांना आम्ही बावा म्हणायचो, त्या रापणीचे म्होरके होते. त्यांच्या आवाजावर शंभरभर माणसं एका लयीत मागे झुकायची.

तारली हा मासा वीतभर लांबीचा. पाठ निळसर हिरवी, पोट चांदीसारखं, आणि अंगात इतकं तेल की तव्यावर टाकली तर वेगळं तेल घालावं लागत नाही. त्या दिवसांत किनाऱ्यावर मोठ्या कढया चढत, तारली उकळून तेल काढलं जाई. गावाला, कपड्यांना, कुराणाच्या गवसणीलाही तोच वास. आईचे केस मला त्या वासाशिवाय आठवतच नाहीत.

पण तारली एकटी येत नसे. तिच्या मागे सुरमई येई, मुशी येई. त्यांच्याही मागे पाण्यातून काळ्या पाठी वर काढत उड्या मारणारे गादे, म्हणजे डॉल्फिन, येत. आकाशात कुरव पक्ष्यांचा गलका. मशिदीमागच्या जुन्या आंब्यावर पांढऱ्या पोटाच्या मोठ्या समुद्री गरुडांचं एक जोडपं होतं. त्यांचं घरटं गाडीभर काटक्यांचं, दरवर्षी तेच, वर थोडी नवी भर घातलेलं. घरटं नीट करून झालं की दोघं सकाळच्या वेळी मोठ्यानं ओरडत आणि तो आवाज पार खाडीच्या पलीकडे जाई. रात्री कोल्हे वाळूत उतरून माशांची डोकी नेत. मांजरं या दिवसांत उंदराकडे बघतही नसत. आणि या सगळ्यांच्या शेवटी आम्ही. कुणाची लग्नं, कुणाच्या सुंता, कुणाचं घर शाकारणं, सगळं तारलीवर ठरलेलं.

एका आश्विनात ती आली नाही.

टेकडीवरचा माणूस रोज बसला आणि रोज उतरला. कुरव नेहमीसारखे आले, वाऱ्याकडे तोंड करून वाळूत थोडे दिवस बसले आणि एका सकाळी उठून गेले. गादे खूप बाहेरून, क्षितिजाच्या कडेनं गेले. आमच्या खाडीकडे वळलेच नाहीत. पुढच्या वर्षीही तेच. गरुडांनी घरटं नीट केलं, पण पिल्लाचा आवाज काही आला नाही, आणि त्यानंतरच्या साली त्यांनी काटक्या आणणंही सोडलं. कोल्हे खुराड्यात शिरायला लागले. मांजरं रात्रभर रडायची. बांगडा मात्र थोडा जास्त मिळू लागला, आणि पूर्वी कधी न दिसलेला एक काटेरी, बेचव मासा जाळ्यात यायला लागला. आज वाटतं, समुद्र तेव्हाही भरलेलाच होता, फक्त त्यातली वस्ती बदलली होती. पण आमची जाळी तारलीची, कढया तारलीच्या, आणि आम्ही माणसंही तारलीचीच. दुसरं काही धरायला आम्हाला येत नव्हतं.

पहिल्या रिकाम्या सालीच गावानं कारण शोधलं. बावांचा धाकटा भाऊ, माझे इब्राहिमचाचा. त्यांची बायको त्या पावसाळ्यात बाळंत झाली होती. अंगावर दूध नव्हतं आणि घरात भाताच्या पेजेपलीकडे काही नव्हतं. पावसाळ्यात जाळं टाकायचं नाही हा आमच्याकडचा कडक नियम. चाचांनी एका संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी बारीक विणीचं जाळं टाकून तारलीची पिल्लं धरली, पाटीभर. बायकोला कालवण करून घातलं. ते कुणीतरी पाहिलं होतं. आश्विनात तारली आली नाही तेव्हा ते सगळ्यांना आठवलं.

जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात माणसं जमली. बावांना विचारलं, तुम्ही रापणीचे म्होरके, तुम्ही सांगा. बावा म्हणाले की भाऊ असला तरी नियम तोच. त्या दिवसापासून इब्राहिमचाचांना कुणी दोराला हात लावू दिला नाही, त्यांच्या होडीला कुणी खांदा दिला नाही. महिन्याभरात ते बायको आणि तान्ही मुलगी घेऊन मुंबईच्या बोटीत बसले. मी तेव्हा मोठी होते, लग्नाची होते. निरोप द्यायला मी गेले आणि आई गेली. बावा घरात जाळं दुरुस्त करत बसले होते. जाळ्याला तेव्हा काहीही झालेलं नव्हतं.

त्यानंतर आई वारली. आणखी एक रिकामं साल गेलं आणि माझं लग्न ठरलं, ते थेट नाशिकजवळ देवळालीला. माझे यजमान रशीद देवळाली कॅम्पच्या बाजारात तंबू शिवायचे. लष्कराच्या छावणीमुळे तिथे तंबू-राहुट्यांचं काम बारमाही होतं. रशीदची आजी ही बावांची सख्खी फुफी, म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. घरात सगळे तिला फुफीमा म्हणत. इतक्या लांब, घाटावर, तिचं लग्न कसं झालं असेल हा प्रश्न मला कधी पडला नाही. ती आपली तिथलीच वाटायची. बोलायची देशावरचं, बाजरीची भाकर थापायची, आणि समुद्राचं नावही काढायची नाही.

पुढच्या पावसाळ्याअखेर बावाही आले. होडी वाळूत पालथी घालून, जाळं मशिदीच्या माळ्यावर ठेवून आले. रशीद त्यांना म्हणाले, मामू, जाळं विणणाऱ्याला तंबू शिवणं अवघड नाही. तळव्याला चामड्याची पट्टी बांधायची, दोऱ्याला मेण लावायचं आणि दाभण दाबून ओढायचं. बावांनी ते चार दिवसांत उचललं. पण शिवताना ते वर बघायचे नाहीत. खाकी कापडाचा एवढा मोठा पसारा मांडीवर, जमिनीवर, दारापर्यंत पसरलेला, आणि त्याच्या मधोमध बावा. माळावर तोफांचा सराव सुरू झाला की घराची कौलं थरथरायची. आम्हाला सवय होती. बावा मात्र दर वेळी दाभण थांबवून कान द्यायचे. पावसाळ्यात आमच्या खाडीच्या खडकांवर लाट आदळते, तसाच तो आवाज होता.

दर आश्विनात ते असेच कान देऊन असायचे. मुंबईहून कुणी आलं की विचारायचे, किनाऱ्याकडचं कुणी भेटलं का. रशीद कापड आणायला मुंबईला जायचे तेव्हा त्यांना सांगून ठेवायचे, धक्क्यावर आमच्या गावच्या कुणाला गाठ. रशीद येऊन सांगायचे, नाही आली म्हणतात. बावा मान हलवायचे. ते दुःखी दिसायचे नाहीत, फार थकलेले दिसायचे. वाट बघणं हे अंगमेहनतीचं काम असतं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले.

मला जो आश्विन सांगायचा आहे तो बावा येऊन दोन-तीन वर्षं झाल्यानंतरचा. भगूरच्या बाजूच्या एका मळ्यातून गिरजाबाई नावाची माळीण आमच्याकडे भाजी घेऊन यायची. त्या दुपारी ती टोपली उतरवून ओट्यावर टेकली होती. फुफीमा सुपात मूग निवडत होती, मी कोथिंबीर घेत होते, बावा आत शिवत होते. बोलता बोलता गिरजाबाईनं बावांना विचारलं, की घरची होडी सोडून इकडं सुईदोऱ्याला का आलात. बावा सहसा बोलत नसत. त्या दिवशी का बोलले कुणास ठाऊक. त्यांनी सांगितलं की आमच्यातल्या एकानं पावसाळ्यात पिल्लं मारून खाल्ली, बाळंतिणीला घातली, आणि त्या पापानं तारली कायमची गेली. भाऊ असं ते म्हणाले नाहीत. एक माणूस म्हणाले.

गिरजाबाई हळहळली. "म्हंजी समिंदराचं बी साल बुडतं व्हय," म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली.

फुफीमाचे हात सुपात थांबले होते. ती आत न बघताच म्हणाली, "दाऊद, आमच्या वेळेला गेली तेव्हा कुणाची बाळंतीण होती रे?"

बावांना वाटलं म्हातारी काहीतरी बडबडते आहे. ते म्हणाले, कधी गेली तुमच्या वेळेला? तारली तर आमच्याकडे कायमची. मग फुफीमानं सांगितलं. मूग निवडत, मधेच खडा बाजूला टाकत, जणू शेजारणीची गोष्ट सांगावी तसं.

ती लहान होती, नुकती पातळ नेसायला लागलेली, तेव्हाही तारली यायची थांबली होती. एक साल नव्हे, कितीतरी. तेव्हाही कुरव येऊन गेले होते, आंब्यावरचं घरटं ओस पडलं होतं, कोल्ह्यांनी कोंबड्या नेल्या होत्या. तेव्हा गावानं एका विधवेला धरलं. खाडीच्या कडेला ती एकटी राहायची, चार शेळ्या पाळून. तिनं म्हणे नको त्या दिवशी खाडीत अंघोळ केली. लोकांनी तिच्या झोपडीचं छप्पर उतरवलं. शेळ्या पुढे घालून ती वाळूवरून चालत गेली ते फुफीमानं दारातून पाहिलं होतं. तारली त्यानंतरही आली नाही. घरात खाणारी तोंडं जास्त झाली, तेव्हा फुफीमाचं लग्न लावलं, लष्कराबरोबर फिरणाऱ्या एका तंबूवाल्याशी. किनाऱ्यावर त्या सालांत कुणी कुणाची मुलगी करून घेत नव्हतं. ती अशी घाटावर आली.

मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून तशीच उभी होते. माझंही लग्न असंच झालं होतं, आणि मला ते आपलं नशीब वाटत होतं.

बावा म्हणाले, "बाबानं मला हे कधी सांगितलं नाय."

"तू जन्मलास तेव्हा कढया भरल्या होत्या," फुफीमा म्हणाली. "भरल्या ताटावर असलं कोण सांगतं? आणि त्या बाईचं काय सांगणार होते?"

बावांनी दाभण कापडात खोचला आणि ते मागच्या दारानं बाहेर गेले. दारणा नदीच्या बाजूला माळ उघडा होता. संध्याकाळी रशीद आले तोवर ते तिथेच उभे होते.

आता शिकलेली माणसं सांगतात की समुद्राचं पाणी काही दशकं थोडं ऊन असतं, काही दशकं थोडं थंड. वारे बदलतात, खालचं पाणी वर यायचं बदलतं, माशांचं बारीक खाणं कमीजास्त होतं, आणि तारलीसारखे मासे आपला किनारा बदलतात. त्यांच्याबरोबर पक्षी बदलतात, मोठे मासे बदलतात. माझा नातू मला हे चित्र काढून दाखवतो. मला त्यातलं सगळं कळतं असं नाही. एवढं कळतं की तो फेरा एका माणसाच्या आयुष्यापेक्षा मोठा असतो. ज्यांनी रिकामं पाणी पाहिलं त्यांना भरलेल्या पाण्यात ते आठवायचं नसतं, आणि जे भरलेल्या पाण्यात जन्मतात त्यांना ते कायमचं वाटतं. गरुडाला तरी बरं, तो घरटं सोडतो आणि उडून जातो. त्याला कुणाचा अपराध शोधावा लागत नाही.

तारली पुढे परत आली. आली तेव्हा बावा नव्हते, चाचा नव्हते, फुफीमा तर कधीच गेली होती. मी एकदा रशीदबरोबर गावी गेले तेव्हा किनाऱ्यावर पुन्हा माणसं दोर ओढत होती. त्यांच्यात मला ओळखणारं कुणी नव्हतं. आंब्यावर नवं जोडपं बसलेलं होतं. लोक मला कौतुकानं सांगत होते, आमच्याकडे तारली कायमची. मी काही बोलले नाही. मला बोलायला हवं होतं का, हे अजून ठरत नाही. प्रवासानं मी दमले होते एवढं खरं.

तर त्या आश्विनात पुढे बरेच दिवस बावा रोजच्यासारखेच वागले. शिवत होते, जेवत होते, नमाज पढत होते. एका सकाळी त्यांनी मला विचारलं, इब्राहिमची मुलगी आता केवढी झाली असेल. मी म्हटलं, शाळेत जायच्या वयाची. त्यावर त्यांनी रशीदना सांगितलं, की या खेपेला कापड आणायला मी तुझ्याबरोबर मुंबईला येतो.

चाचांना शोधायला त्यांना फार फिरावं लागलं नाही. धक्क्यावर कोळसा भरणाऱ्यांत आमच्या बाजूची बरीच माणसं होती. रशीद नंतर मला सांगत होते, की दोघं भाऊ समोरासमोर आले तेव्हा बावांनी फक्त एवढंच म्हटलं, की फुफीमा म्हातारी झाली, तुला बघायचं म्हणते. तिनं असं काही म्हटलं नव्हतं. चाचा दोन दिवसांची रजा काढून आले.

नाशिक रोडला उतरून टांग्यानं ते दुपारी घरी पोचले. मी दारातून पाहिलं तर मला कळेना यातले बावा कोणते. चाचा धाकटे असून जास्त पांढरे झाले होते. नखांत कोळसा मुरलेला. आल्या आल्या त्यांनी मला जवळ घेतलं आणि हळूच सांगितलं, "हलीमा, माझ्यासाठी मासा करू नको. मी सोडला." मी त्या दिवशी भोयाकडून दारणेतली मरळ घेतली होती, ती चुलीवर होती. मी म्हटलं, बरं, तुमच्यापुरती डाळ टाकते.

फुफीमा भिंतीला टेकून बसली होती. चाचा तिच्या पाया पडून शेजारी बसले. बावा समोर, तंबूच्या कापडाच्या घडीवर. कितीतरी वेळ ते मुंबईतल्या पावसाबद्दल बोलले. मग बावांनी सांगायला सुरुवात केली. त्यांना ते जमत नव्हतं. रापणीवर शंभर माणसांना हाक घालणारा आवाज, तो दर वाक्याला अडखळत होता. फुफीमाच्या लहानपणी तारली गेली होती, तेव्हा कुणी पिल्लं मारली नव्हती, ती आपली आपण गेली होती, असं त्यांनी कसंबसं सांगितलं. शेवटी म्हणाले की मी मशिदीत जे बोललो ते चुकीचं होतं.

मला वाटलं चाचा आता रागावतील. त्यांना तो हक्क होता.

"म्हणजे मी नाय घालवली?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"तुला खात्री हाय, दादा?"

बावांनी फुफीमाकडे बघितलं. चाचांनी तिला म्हटलं, तू सांग. तिनं पुन्हा सगळं सांगितलं, त्या विधवेसकट आणि शेळ्यांसकट. चाचा एखाद्या लहान मुलासारखे ऐकत होते, मधेच थांबवून विचारत होते, कोल्हे आले होते का, आंब्यावरचे पक्षी गेले होते का. ती हो म्हणत होती.

मग चाचा बोलले. गावानं त्यांना दोषी ठरवलं तेव्हा त्यांनी वाद का घातला नाही, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यांनाही तेच वाटत होतं. धक्क्यावर आमच्या किनाऱ्याकडचं कुणी दिसलं की ते तोंड फिरवून दुसरीकडे जायचे, तारली आली का हे ऐकावं लागू नये म्हणून. "पोरगी त्या पाटीवर जगली," ते म्हणाले. "पोरगी जगली आणि गाव मेलं. रोज कोळसा भरताना हेच डोक्यात. तिला जवळ घेताना पण हेच."

बावा उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघांचे खांदे टेकले होते. कुणी रडलं नाही. इतकी वर्षं अंगावर वागवलेलं ओझं उतरवल्यावर माणूस हलका होत असेल, पण त्या दोघांच्या चेहऱ्यावर मला फक्त झोप दिसत होती, फार दिवसांची राहिलेली.

"आणि मग परत कधी आली ती?" चाचांनी फुफीमाला विचारलं. "किती वर्षांनी?"

"नेमकं साल मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मी इथं आले. परत गेलेच नाही."

मी पानं वाढली. चाचांच्या पुढे डाळ-भात ठेवला, बाकीच्यांच्या पुढे मरळीचं कालवण. सगळे जेवायला बसले. चाचांनी भात कालवला, एक घास घेतला, आणि मग बावांच्या पुढचं कालवणाचं भांडं आपल्याकडे ओढलं. त्यातला एक तुकडा घेतला, काटा बोटांनी बाजूला केला. रशीद जेवायचे थांबले. मी पळी हातात धरून उभी राहिले. चाचांनी तो तुकडा बराच वेळ चघळला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

मी मिठाचं भांडं आणायला वळले तर फुफीमानं मला हातानं थांबवलं.

"घातलंय तिनं. गोड्या पाण्यातला मासा असाच लागतो," ती चाचांना म्हणाली. "होते सवय."

चाचांनी मान हलवली आणि दुसरा तुकडा घेतला.